टुकटुक

इंग्रजी भाषेला माणसांची क्रियापदे करून टाकायची खोड आहे. आयर्लंडच्या मेयो परगण्यात चार्ल्स बॉयकॉट नावाचा एका जमीनदाराचा कारभारी होता. १८८० साली कुळांनी त्याच्याशी सगळे व्यवहार तोडले. शेतावर मजूर येईना, दुकानदार माल देईना, आणि वर्ष सरायच्या आत त्याचे आडनाव वर्तमानपत्रांतून क्रियापद होऊन हिंडू लागले. गृहस्थ तेव्हा चांगला हयात होता. आपलेच नाव आपल्याविरुद्ध चालवलेले त्याला सकाळच्या चहाबरोबर वाचावे लागले असणार. लुई पाश्चर असेच दुधाच्या पिशवीवर जाऊन बसले. लोकांना गुंगवून बरे करणारा डॉक्टर मेस्मर भुरळ घालण्याच्या क्रियापदात शिरला, आणि बेडकाच्या तंगड्यांत वीज शोधणारा गॅल्व्हानी आता आपल्या पडवीच्या पत्र्यावर जस्त होऊन चमकतो.

मराठीचा स्वभाव तसा नाही. आपण माणसांची फार तर बिरुदे करतो. कळ लावणारा तो नारद, झोपून राहणारा तो कुंभकर्ण, नाकावर राग असलेला तो जमदग्नी. पण ‘तिने दोघी जावांमध्ये नारदले’ असे कोणी म्हणत नाही, किंवा ‘रविवारी दुपारी जरा कुंभकर्णलो’ असेही नाही. म्हणायला हरकत नव्हती. दुसऱ्या वाक्याचा तर मला दर आठवड्याला उपयोग झाला असता.

इंग्रजीच्या या क्रियापदांच्या वाड्यात एक बिऱ्हाड फार जुने आहे. त्याचा मालक अजून पाण्यात उभा आहे, उपाशी आणि तहानलेला. जन्मभर म्हणावे तर तो केव्हाच मेला. तेव्हा मरणभर म्हणू. त्याचे नाव टँटलस, आणि क्रियापद टँटलाइज. हवीहवीशी वस्तू समोरच्याच्या डोळ्यांपुढे धरायची, हात लांबवला तर पोचेल इतकी जवळ धरायची, आणि मिळू मात्र द्यायची नाही, असा त्याचा अर्थ. मोठ्या माणसांच्या मराठीत यासाठी झुलवणे आहे, खेळवणे आहे, तंगवणे आहे, आशेला लावून ठेवणे आहे. पण या अर्थाच्या अगदी गाभ्यापर्यंत पोचली आहेत ती आपली पोरे. हातातली चिक्की मिरवत, ती सावकाश चघळत, समोरच्याला ‘टुकटुक माकड’ म्हणणाऱ्या सहा वर्षांच्या कार्ट्याला ग्रीक पुराण शिकवायची गरज नाही. त्याला ते येते.

यात व्याकरणाची एक गंमत आहे. पाश्चर स्वतः पाश्चराइज करत, मेस्मर स्वतः मेस्मराइज करत. टँटलसने मात्र कधी कोणाला टँटलाइज केल्याचे ऐकिवात नाही. त्यालाच केले गेले. म्हणजे हा क्रियापदाचा कर्ता नसून कर्म आहे, बॉयकॉटच्या पंक्तीतला. ज्या देवांनी त्याला झुलवले त्यांची नावे क्रियापदात कुठेही नाहीत. वरिष्ठांना हे नेहमीच छान साधते.

त्याची शिक्षा पहिल्यांदा सविस्तर सांगितली ती होमरने, ओडिसीच्या अकराव्या सर्गात. ओडिसियस मेलेल्यांच्या लोकात जातो आणि तिथे त्याला हा म्हातारा दिसतो, तळ्यात हनुवटीपर्यंत बुडालेला. तहानेने जीव चाललेला. तो पाणी प्यायला वाकला की पाणी जमिनीत जिरून जाते आणि पायांखाली काळी माती उघडी पडते. डोक्यावर फळांनी लगडलेल्या फांद्या: नासपती, डाळिंबे, सफरचंदे, गोड अंजिरे आणि ऑलिव्ह. हात वर केला की वारा येतो आणि फांद्या थेट ढगांपर्यंत उडवून नेतो. बाजाराची यादी वाटावी इतक्या निगुतीने होमरने फळे मोजली आहेत. त्यातले ऑलिव्ह मात्र मला कळत नाही. झाडावरून तोडलेले ऑलिव्ह इतके कडू असते की मिठाच्या पाण्यात मुरवल्याशिवाय ते तोंडात धरवत नाही. ती एक फांदी वाऱ्याने खाली सोडली असती तरी शिक्षेत काही कमी पडले नसते.

गुन्हा काय होता ते होमर सांगत नाही. शिक्षा आधी जाहीर झाली आणि आरोपपत्र पुढची काही शतके तयार होत राहिले. निरनिराळ्या कवींनी निरनिराळी कलमे लावली. टँटलस हा सिपिलस डोंगराकडचा राजा. तो डोंगर आजच्या तुर्कस्तानात, मानिसा शहराच्या पाठीशी आहे. बाप साक्षात झ्यूस, त्यामुळे देवांच्या पंगतीला याचे पान असे. एक कलम असे की त्या पंगतीत कानावर पडलेल्या गोष्टी त्याने बाहेर येऊन माणसांना सांगितल्या. मोठ्यांच्या घरी जेवून यायचे आणि तिथे कोण कोणाला काय म्हणाले ते गावात सांगायचे, हा गुन्हा धरला तर पाण्यात उभे राहायला तळी पुरणार नाहीत. दुसरे कलम चोरीचे: देवांचे अमृत आणि त्यांचे खाद्य त्याने लपवून आणले आणि आपल्या मित्रमंडळींना वाटले. लग्नातला लाडू रुमालात बांधून आणणाऱ्या थोरल्या काकांविषयी आपल्याकडे काय म्हणतात ते आठवले की हे कलमही फार जड वाटत नाही.

तिसरे कलम मात्र खरेच भयंकर आहे. देव खरोखर सर्वज्ञ आहेत का, हे पाहण्यासाठी त्याने त्यांना आपल्या घरी जेवायला बोलावले आणि स्वतःच्या मुलाला, पेलॉप्सला, कापून, शिजवून त्यांच्या पानांत वाढले. देवांनी ओळखले. एकट्या डिमीटरचे लक्ष नव्हते. तिची मुलगी पाताळात नेली गेली होती, त्या दुःखात तिने खांद्याचा तुकडा खाल्ला. मग देवांनी मुलाला पुन्हा जोडले आणि खाल्लेल्या खांद्याच्या जागी हस्तिदंती खांदा बसवला. याच पेलॉप्सच्या नावावरून ग्रीसच्या दक्षिण भागाला पेलोपोनीज म्हणतात. त्याच्या वंशात पुढे आत्रेयसने आपल्या भावाला त्याचीच मुले शिजवून वाढली. घराण्यात एखादा पदार्थ चालत येतो, तसे.

ही गोष्ट ग्रीकांनाही पचत नव्हती. इसवी सनापूर्वी ४७६ साली ऑलिंपियाच्या शर्यतीत सिराक्यूजच्या हिएरोन राजाचा घोडा जिंकला, तेव्हा पिंडार या कवीने त्याच्यासाठी रचलेल्या गीतात स्पष्टच सांगितले की मी देवांना नरमांस खाणारे म्हणणार नाही. ही शेजाऱ्यांनी उठवलेली आवई आहे. पिंडारच्या मते टँटलसचा गुन्हा चोरीचाच, आणि शिक्षाही वेगळी: डोक्यावर कायम लटकता, आत्ता पडेल मग पडेल असा धोंडा. हीही शिक्षा वाईटच. पण धोंड्यापासून क्रियापद निघाले नाही. निघाले ते पाण्यापासून आणि फळांपासून. भीतीपेक्षा हाव भाषेला जास्त उपयोगी पडते असे दिसते.

मराठी वाचकाला एव्हाना चिलया बाळ आठवला असेल. शिवलीलामृतातली ही कथा, बायकांच्या ओव्यांतही आलेली. श्रियाळ राजा आणि चांगुणा यांच्या दारी महादेव अतिथी होऊन येतात आणि जेवायला त्यांच्या मुलाचेच मांस मागतात. चांगुणेने मुलाचे मस्तक उखळात कांडायचे, आणि कांडताना डोळ्यांतून टिपूस गाळायचा नाही. पाने वाढली जातात. तेव्हा अतिथी म्हणतो, निपुत्रिकाच्या घरी मी जेवत नाही, मुलाला हाक मार. आई दारात जाऊन हाक मारते आणि चिलया धावत येतो, हस्तिदंत कुठे न लावता, होता तसा. राजाराणी कैलासाला जातात.

पदार्थ तोच, मुलगाही दोन्हीकडे परत उठलेला, आणि निकाल मात्र एकदम उलटे. मी यावर पुष्कळ विचार केला. माझ्या मते सगळा फरक फर्माईश कोणाची यात आहे. ग्रीसमध्ये यजमानाने देवांची परीक्षा घेतली. आपल्याकडे देवाने यजमानाची. परीक्षक होण्याचा हक्क एकाच बाजूला असतो, हे टँटलसला समजले नाही. दोन्ही गोष्टींत मुलाला कोणी विचारले नाही, ही बाब कीर्तनकार सहसा घाईने ओलांडतात. मला ती अडते.

तर असा हा माणूस सोळाव्या शतकाच्या अखेरीस इंग्रजीत क्रियापद झाला. ग्रीक-लॅटिन शिकून आलेली मंडळी त्या काळात लंडनमध्ये शब्दांची आयात जोरात करत होती, आणि १५९३ साली छापलेल्या ‘व्हीनस अँड अ‍ॅडॉनिस’ या काव्यात शेक्सपिअरनेही टँटलसला हजेरी लावायला लावली आहे, तीही प्रेमाच्या तहानेसाठी. तिथून शब्द उतरणीला लागला. नरकातली यातना आधी प्रेमातली तगमग झाली, मग नुसती हुरहूर, आणि आता ते विशेषण मसाल्याच्या पाकिटावर आणि हॉटेलच्या मेनूकार्डावर सापडते. ‘टँटलायझिंग तंदूर प्लॅटर’ असे लिहिणाऱ्याला एवढेच म्हणायचे असते की तोंडाला पाणी सुटेल. मूळ अर्थाने घेतले तर त्याने सांगितले आहे की ताट समोर येईल, आणि तुम्ही काटा उचललात की वारा येऊन ते छताला नेईल. काही हॉटेलांत सेवा साधारण अशीच असते म्हणा. तिथे शब्द अचूक आहे.

व्हिक्टोरियन इंग्रजांनी मात्र मूळ अर्थ इमानाने सांभाळला. त्यांनी टँटलस नावाचे एक फर्निचर केले. लाकडी चौकटीत बिलोरी काचेच्या दोनतीन सुरया, व्हिस्की, ब्रँडी, सगळे लखलखीत दिसणारे, आणि त्यांच्या बुचांवरून आडवी जाणारी कुलपाची दांडी. किल्ली साहेबाच्या खिशात. सुरईवरची धूळ नोकराने रोज पुसायची, आतला रंग रोज पाहायचा, थेंब मात्र मिळायचा नाही. १८८० च्या दशकात लंडनच्या बेटजमन कंपनीने अशा पेट्यांचे पेटंट घेऊन नाव कमावले. पुढे इंग्लंडचा राजकवी झालेला जॉन बेटजमन याच घराण्यातला, आणि त्याने बापाच्या धंद्यात जायला साफ नकार दिला. शेरलॉक होम्सच्या ‘ब्लॅक पीटर’ या कथेतही खुनाच्या खोलीत असा एक टँटलस आहे. कुलूपच लावायचे तर लाकडी कपाटात का नाही ठेवले, असा सरळ प्रश्न आपल्याला पडतो. पण कपाटाने दारू सुरक्षित राहिली असती. मालक कोण ते रोज दिसले नसते.

आपल्याकडे दूध-लोणी शिंक्यावर ठेवायचे. तेही वर, तेही दिसणारे, तेही हाताच्या टप्प्याबाहेर, आणि खाली बोका. देखावा शंभर टक्के ग्रीक. पण आपली म्हण काय सांगते? शिंके तुटले, बोक्याचे फावले. होमरच्या तळ्यात शिंके तुटण्याची सोयच नाही, आणि माझ्या मते दोन्ही लोकांच्या विनोदबुद्धीतला फरक इथे आहे. आपल्याला बोक्याची बाजू घ्यावीशी वाटते. इतकेच नव्हे, शिंके फोडणारा आपला देव आहे. गोकुळाष्टमीच्या दुसऱ्या दिवशी मुंबई-ठाण्यात जे चालते ते टँटलसच्या गोष्टीचे जाहीर खंडन होय. हंडी वर टांगलेली, लोणी आत, खाली तहानलेला समुदाय, वरून पाणीही मारले जाते. कुठे कुठे दोरी खेचून हंडी ऐन वेळी आणखी वर नेतात, म्हणजे वाऱ्याचे कामही होते. आणि तरी थरावर थर चढतात आणि हंडी फुटते. टँटलस एकटा होता, ही त्याची खरी अडचण असावी. त्याच्या तळ्यात नऊ थर लावायला माणसे असती, तर ढगांत गेलेले अंजीरही खाली आले असते.

आणि तो कोल्हा? इसापाच्या द्राक्षांखाली उभा राहिलेला? त्याला आपण गेली कित्येक शतके नावे ठेवतो, पण मला तो या सगळ्या मंडळींत शहाणा वाटत आला आहे. दोनचार उड्या मारल्या, जमले नाही, आंबट आहेत म्हणाला, घरी गेला. रात्री झोपही लागली असेल. टँटलसला हे दोन्ही करता येत नाही: फळे आंबट आहेत असे म्हणता येत नाही, कारण वास येतो आहे, आणि घरी जाता येत नाही. शिक्षा तहानेची नाहीच मुळी. तहान तर वाळवंटातही लागते, पण तिथे माणूस हळूहळू आशा सोडतो. इथे आशा हनुवटीला लागून आहे.

हा जवळपणाच सगळा विषय आहे. रेल्वेच्या प्रतीक्षा यादीत एकशेबावन्नावा क्रमांक असलेला माणूस शांतपणे एसटीच्या स्टँडवर जातो. चार्ट लागल्यावर ज्याचा क्रमांक पहिला राहतो, तो माणूस पुढची दहा वर्षे ती गोष्ट सांगतो. म्हाडाच्या सोडतीत ज्याचा अर्ज क्रमांक एका आकड्याने हुकला, त्याला जे होते ते अर्ज न भरलेल्याला कधीच होणार नाही. देवगड हापूसची पहिली पेटी वाशीच्या बाजारात आली की तिचा फोटो आणि भाव दरवर्षी वर्तमानपत्रात येतो. हार घातलेली पेटी, शेजारी अगरबत्ती. त्या भावात पेटी घेणारे वाचक किती असतील? तो फोटो आपल्याला टुकटुक करण्यासाठीच छापतात, आणि आपण तो पाहून खरोखर म्हणतो, बघू, एप्रिलमध्ये उतरेल.

भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेतही हा राजा आहे. टँटलसचा पेला म्हणून एक उपकरण असते. पेल्यात एक मनुष्याकृती, तिच्या आत वाकवलेली नळी लपवलेली. पाणी ओतत जावे. ते कमरेपर्यंत चढते, छातीपर्यंत चढते, आणि ओठांना लागणार इतक्यात नळीचे वळण भरते, वक्रनलिका चालू होते आणि सगळे पाणी तळाच्या भोकातून निघून जाते. बाहुली कोरडी.

हाच पेला आपल्याकडे फार दिवसांपासून आहे आणि त्याला वसुदेवाचा पेला म्हणतात. तांब्या-पितळेच्या पेल्यात मध्ये वसुदेव उभा, डोक्यावर टोपली, टोपलीत बाळकृष्ण. पाणी ओतत जावे. यमुना चढते, वसुदेवाच्या गळ्याशी येते, आणि बाळाच्या पायाच्या अंगठ्याला लागली की भराभरा ओसरून जाते. नळी तीच, वळण तेच, हवेच्या दाबाचा नियम तोच. एकीकडे पाणी ओसरणे ही शिक्षा, दुसरीकडे तीच सुटका. तिथे पाणी माणसाला पोचू नये म्हणून पळते; इथे पायाला शिवायचे होते, शिवले, आता काम झाले म्हणून जाते. जगात फार थोड्या यंत्रांना अशा दोन कथा मिळाल्या असतील. तुमच्या घरच्या देव्हाऱ्यामागे किंवा माळ्यावर आजीच्या भांड्यांत असा पेला पडला असेल, तर तो चिंचेने घासून वर काढा. त्यात पाहुण्यांना सरबत मात्र देऊ नका.

पक्ष्यांच्या शास्त्रज्ञांनीही या राजाला सोडले नव्हते. उजनीच्या पाण्यावर भिगवणला हिवाळ्यात माणसे दुर्बिणी घेऊन जातात तेव्हा जो चित्रबलाक हमखास दिसतो, गुलाबी पिसांचा आणि पिवळ्या चोचीचा, त्याचे जुने शास्त्रीय नाव टँटलस ल्युकोसिफॅलस. आता ते बदलून मिक्टेरिया झाले आहे, आणि बरे झाले. कारण हा पक्षी पाण्यात उभा राहतो खरा, पण अर्धवट उघडी चोच पाण्यात बुडवून फिरवतो, मासा चोचीला लागला की ती मिटते, आणि मासा पोटात जातो. पाणी आटत नाही, मासा ढगात जात नाही. नाव वाया गेले होते.

रसायनशास्त्रज्ञ जास्त काटेकोर निघाले. स्वीडनमध्ये १८०२ साली अँडर्स एकेबर्गने एक नवा धातू ओळखला. त्याचे खनिजरूप आम्लात कितीही बुडवले तरी आम्ल शोषून घेईना. चहूकडे द्रव आणि हा कोरडा. एकेबर्गने नाव दिले टँटलम. मग १८४४ साली हाइनरिश रोझ या जर्मन रसायनतज्ज्ञाला त्याच खनिजाच्या सोबतीने राहणारे दुसरे मूलद्रव्य नीट वेगळे दाखवता आले, तेव्हा त्याने त्याला टँटलसच्या मुलीचे, निओबीचे नाव दिले: निओबियम. या निओबीने आपल्या मुलाबाळांचा तोरा मिरवला, म्हणून देवांनी तिची मुले मारली आणि ती रडत रडत दगड झाली. मानिसाला सिपिलसच्या उतारावर तो रडणारा खडक आजही दाखवतात. आवर्तसारणीत एक्केचाळीस नंबरच्या घरात मुलगी आणि बरोबर तिच्याखाली त्र्याहत्तर नंबरला बाप. आपल्या मोबाइलमध्ये विजेचा साठा करणारे जे बारीक घटक असतात, त्यांतल्या अनेकांत टँटलम असते. दुसऱ्यांची आंब्याची पेटी, दुसऱ्यांचे काश्मीर आणि दुसऱ्यांची नवी गाडी आपण ज्या यंत्रावर रात्री अकरापर्यंत पाहतो, त्यात हा धातू असावा, हे एकेबर्गला समजले असते तर नाव ठेवल्याचे समाधान त्याला नक्की वाटले असते.

इथवर गमतीचे चालले, पण या शब्दाला मराठीत एक जागा आहे जिथे गंमत थांबते. ‘टुकटुक’ मुलांचे, ‘झुलवणे’ प्रेमाचे आणि पुढाऱ्यांचे. शेतकऱ्याच्या बाबतीत आपण म्हणतो, हातातोंडाशी आलेला घास गेला. द्राक्षे उतरायला आठवडा असताना नाशिककडे अवकाळी येतो, तेव्हा हे वाक्य बातमीत असते आणि ते होमरइतके अचूक असते: हात, तोंड आणि मधला वारा. आणि पाण्यासाठी तर आपण नवी म्हणच केली आहे. धरण उशाशी, कोरड घशाशी.

ती म्हण पाहायची असेल तर ठाणे जिल्ह्यातल्या शहापूर तालुक्यात एप्रिल-मेमध्ये जावे. तानसा तिथे आहे, भातसा तिथे आहे, वैतरणेवरचा मोडकसागर त्याच बाजूला आहे. तानसाचे धरण १८९२ सालचे. इंग्रजांनी ते मुंबईची तहान भागवायला बांधले, आणि तेव्हापासून मुंबई पीत आली आहे. आज मुंबईच्या नळांना येणारे बहुतेक पाणी याच डोंगराळ पट्ट्यातले. माणूस आत उभा राहू शकेल एवढ्या मोठाल्या जलवाहिन्या तिथून शहराकडे जातात. आणि त्याच तालुक्यातल्या आदिवासी पाड्यांवर उन्हाळा आला की टँकर येतो, येईल असे सांगितलेल्या दिवशी येतोच असे नाही, आणि बायका डोक्यावर हंडे घेऊन लांबच्या विहिरीला किंवा नदीच्या पात्रात उकरलेल्या खड्ड्याला जातात. पावसाळ्यात हाच मुलूख एवढा भिजतो की बाहेरच्या माणसाला हे खरे वाटत नाही. वाकले की पाणी जाते, ही होमरची कल्पना होती. इथे ते उतार पाहून, नकाशा काढून, नळातून जाते.

टँटलसने निदान काहीतरी केले होते, मग ती चहाडी असो, चोरी असो की त्याहून वाईट काही. या पाड्यांनी कोणाच्या पंगतीतले काही उचलले नव्हते; उलट धरणांसाठी जमिनी दिल्या त्या याच मुलखाने. त्यांच्या हंड्यात तानसाचे पाणी आधी पडावे आणि मुंबईच्या शॉवरला नंतर, एवढे करायला देवांची गरज नाही. पालिका आणि मंत्रालय पुरेसे आहेत.